फोटो पाठवण्याआधी बोट लावा: तोंडाचा कॅन्सर लवकर ओळखण्यासाठी दूरसल्ला कसा घ्यावा

रात्री नऊनंतर माझा फोन वाजायला लागतो. दवाखाना बंद करताना कुणाला तरी दुपारचा पेशंट आठवतो आणि एक फोटो येतो. पिवळट, हललेला, अर्धा भाग ग्लोव्हच्या बोटाने झाकलेला. खाली एकच ओळ: "मॅडम, हे काय असेल?" मी विचारते, "बोट लावून बघितलंत का? कडक आहे?" उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं. "नाही मॅडम, फोटो काढला. पेशंट गेला."

ओरल मेडिसीन, म्हणजे तोंडाच्या आजारांचं निदान आणि उपचार, हा माझा विषय. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या दंतचिकित्सकांना फोनवरून दुसरं मत देणं हे आता माझ्या कामातलं मोठं काम झालं आहे. हे मत कसं मागावं, काय पाठवावं आणि उत्तर आल्यावर काय करावं, ते इथे सांगते. सगळ्याच्या मुळाशी असलेला नियम आधीच सांगून टाकते: फोटो संशय वाढवायला चालतो, संशय मिटवायला चालत नाही. माझ्याकडून "घाबरण्यासारखं दिसत नाही" असं उत्तर आलं तरी पेशंट सुटला असं धरायचं नाही.

खटाटोप कशासाठी, ते थोडक्यात. जगभरच्या कॅन्सरचे आकडे देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होतात आणि पुरुषांमध्ये हाच कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ सालची. पुड्या कुठे मिळतात हे मात्र शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू तोंडात धरणारे, चघळणारे किंवा घासणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचा तंबाखू फुप्फुसाच्या आधी गालफडात बसतो आणि गालफड रोज बघणारा डॉक्टर म्हणजे आपण.

नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासून उपयोग होतो का, ही शंका केरळने मिटवली. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी हजारो लोकांची तोंडं तपासली. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचं सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे बंगळुरूत केएलई दंत महाविद्यालय आणि बायोकॉन फाउंडेशन यांनी मोबाइलवर फोटो आणि माहिती घेऊन तज्ज्ञाकडे पाठवण्याची पद्धत राबवली, आरोग्यसेवकांबरोबर आणि दंतचिकित्सकांबरोबरही. तेव्हा फोनवरून मत घेणं ही काही हौस नाही.

आधी माणूस ठरवा, मग ॲप

नेमकं कोणाला विचारायचं हे अडचण आल्यावर शोधू नका. जवळच्या दंत महाविद्यालयाचा ओरल मेडिसीन किंवा ओरल पॅथॉलॉजी विभाग, जिल्ह्याच्या ठिकाणचे हेड-नेक सर्जन, किंवा तुमच्या बॅचमधला एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेला मित्र, असे दोघे जण आधीच बोलून ठेवा. एक सुट्टीवर असला तर दुसरा हवा. त्यांच्याशी तीन गोष्टी ठरवा: फोटो कशावर पाठवायचे, उत्तर किती वेळात येईल, आणि लाल शंका (म्हणजे कॅन्सरची दाट शंका, रंगांबद्दल पुढे सांगते) असेल तर थेट फोन करायचा की नाही. मी चोवीस तासांत उत्तर देईन असं सांगते. लाल असेल तर कितीही वाजले तरी फोन करा म्हणते. रात्री दहाला फोन येण्याचा त्रास होतो, खोटं कशाला बोलू. पण तीन महिन्यांनी येणाऱ्या फोनपेक्षा तो बरा.

सरकारी यंत्रणेत असाल तर ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर डॉक्टर-ते-डॉक्टर सल्ल्याची सोय आहे. ती वापरलीत तर नोंद आपोआप राहते. खाजगी दवाखान्यात बहुतेक जण व्हॉट्सॲपवरच असतात, आणि ते सोडा असं म्हणून कुणी सोडणार नाही. मग निदान नीट वापरा, त्याबद्दल पुढे सांगते.

जबाबदारीही आत्ताच स्पष्ट करून घ्या. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसीन मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतला तरी उपचाराची जबाबदारी समोर बसलेल्या डॉक्टरचीच राहते. ती तत्त्वं एमबीबीएसवाल्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत, पण हा नियम आपणही पाळावा.

"तंबाखू खाता का?" असं विचारू नका

या प्रश्नाचं उत्तर "नाही" येतं, आणि ते खरंही असतं. मिश्री लावणाऱ्या मावशींच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. विदर्भातला खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारा म्हणतो, "तंबाखू नाही डॉक्टर, फक्त खर्रा." मावा, पान, सुपारी, गाय छाप, प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा. नुसती सुपारीही मोजा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे कॅन्सरकारक ठरवलं आहे आणि सबम्युकस फायब्रोसिसचं (तोंड उघडणं कमी होत जाणारा आजार) मूळ तिच्यातच आहे.

मग सगळ्यात कामाचा प्रश्न: "बार कुठे धरता?" बार म्हणजे तोंडात धरलेली तंबाखूची चिमूट. पेशंट बोटाने ओठ ओढून जागा दाखवतो. पहिली नजर तिथेच टाका. आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर बऱ्याचदा गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत सापडतो, म्हणजे पुडी जिथे विसावते तिथेच.

तक्रारही नीट ऐका. सुरुवातीचा कॅन्सर क्वचितच दुखतो. लोक म्हणतात, "तिखट सहन होत नाही", "चरचरतं", "कवळी टोचते", "दाढ काढली, पण भरलंच नाही". हिरडी ठीक असताना एखादीच दाढ हलायला लागणं, खालचा ओठ बधिर होणं, तोंडात जखम आणि त्याच बाजूचा कान दुखणं, यापैकी काहीही ऐकलंत तर आरसा खाली ठेवू नका.

बोट

आता येते या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दूर बसलेल्या तज्ज्ञाला सगळं दिसू शकतं. कडकपणा मात्र कळत नाही. तो फक्त तुमच्या बोटाला कळतो, आणि कॅन्सरच्या जखमेची खरी खूण बऱ्याचदा तोच असतो.

ग्लोव्ह घाला, गॉझने जागा कोरडी करा आणि एक बोट तोंडात, एक बाहेरून गालावर ठेवून जखमेची कड आणि तळ चिमटीत धरा. किती कडक हे शब्दांत सांगणं अवघड जातं म्हणून जुनीच मोजपट्टी वापरा. स्वतःचा ओठ दाबून बघा: मऊ. नाकाचा शेंडा: घट्ट. कपाळ: कडक. मला कळवताना "ओठासारखी", "नाकासारखी" किंवा "कपाळासारखी" एवढंच लिहा. कपाळासारखी असं वाचलं की फोटो उघडायच्या आधीच माझा पेशंटला पाठवण्याचा निर्णय झालेला असतो.

जीभ तपासताना टोक गॉझमध्ये धरून बाजूला ओढा. जिभेची कड शेवटपर्यंत, मागच्या दाढांच्याही मागे, बघायची आणि चाचपायची. अक्कलदाढेमागचा भाग आणि जिभेखालची जागा घाईत राहून जाते. शेवटी मान: पेशंटला हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगा, जबड्याखाली आणि कानाखालून खाली येत दोन्ही बाजू तपासा. गाठ लागली तर आकार, कडकपणा आणि ती हलते का हे लिहा. तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजा, ३५ मि.मी.पेक्षा कमी असेल तर आकडा कळवाच. सगळं मिळून पाच मिनिटं लागतात. एक स्केलिंग पाच मिनिटं उशिरा झाल्याने कुणाचं बिघडत नाही.

फोटो

महागडा कॅमेरा नको. साधा मोबाइल पुरतो, पण खालच्या चुका टाळा.

खुर्चीचा दिवा पिवळा असेल तर लाल चट्टा भगवा दिसतो आणि पांढरा चट्टा दिसतच नाही. पांढऱ्या प्रकाशाचा हेडलाइट वापरा, किंवा एका बाजूने दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च धरा. समोरून फ्लॅश मारला की ओल्या त्वचेवर चकाकी येते आणि नेमकी जखम पांढऱ्या ठिपक्याखाली जाते. म्हणून आधी थ्री-वे सिरिंजने हवा मारा, गॉझने टिपा. आरशातून फोटो घेणार असाल तर तो कोमट पाण्यात बुडवून पुसा, नाहीतर श्वासाने धुकं धरतं.

फोन जखमेला चिकटवू नका. वीतभर अंतर ठेवा, दुप्पट झूम करा, स्क्रीनवर जखमेला बोट लावून फोकस ठरवा. ब्युटी मोड बंद करा. हसू नका, एका डॉक्टरांच्या फोनने एरिथ्रोप्लाकिया, म्हणजे लाल मखमली चट्टा, गुळगुळीत गुलाबी करून पाठवला होता. जखमेशेजारी पेरिओ प्रोब (मापाच्या खुणा असलेली हिरडी तपासायची बारीक सळई) धरा म्हणजे आकार कळतो. असिस्टंट नसेल तर पेशंटच्या सोबतच्या माणसाच्या हातात रिट्रॅक्टर द्या. लोक आनंदाने धरतात.

कमीत कमी तीन फोटो हवेत: एक लांबून, आजूबाजूचे दात दिसतील असा, एक जवळून, प्रोबसह, आणि एक विरुद्ध बाजूच्या निरोगी गालाचा. तिसरा फोटो बहुतेक जण विसरतात. तोच नसला तर त्या माणसाच्या तोंडाचा मूळ रंग कसा आहे हेच मला कळत नाही. मिश्रीने किंवा पानाने सगळं तोंड रंगलेलं असेल तर तो फरकच सगळं सांगतो.

व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि कडा पुसट होतात. चेहरा, डोळे, कागदावरचं नाव फोटोत नको. नावाऐवजी तुमच्या रजिस्टरचा क्रमांक लिहा. पेशंटची लेखी संमती घ्या. एक छापील ओळ आणि सही पुरते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याहून जवळचा धोका तुमच्या खिशात असतो. गॅलरीचं आपोआप बॅकअप चालू असेल तर तो फोटो घरच्या टीव्हीवर लग्नाच्या फोटोंमध्ये फिरतो. असं झालेलं मला ठाऊक आहे. पाठवून झालं, दवाखान्याच्या संगणकावर ठेवलं, की फोनमधून काढून टाका.

संदेश कसा असावा

मला आवडणारा संदेश साधारण असा असतो:

"क्र. ४१. पुरुष, ५२, ट्रकचालक. तंबाखू-चुना २५ वर्षं, दिवसाला ८-१० वेळा, बार डावीकडे खाली. ५ आठवड्यांपासून जखम, दुखत नाही, तिखट लागतं. बी-कॉम्प्लेक्स आणि जेल दुसऱ्याकडून ३ आठवडे घेतलं, फरक नाही. जागा: डाव्या खालच्या ३६-३७ समोरची खाच. १४ × ९ मि.मी. कड उंच, तळ दाणेदार, स्पर्श कपाळासारखा. धारदार दात नाही. तोंड ३८ मि.मी. मानेत गाठ लागली नाही. शुगर नाही, ॲस्पिरिन चालू. प्रश्न: बायोप्सी इथे करू की पाठवू?"

प्रश्न शेवटी आणि एकच. "काय असेल" विचारलंत तर मी चार शक्यता लिहीन आणि तुम्ही पुन्हा तिथेच उभे राहाल. "काय करू" विचारा.

उत्तराचे तीन रंग

लाल: कडक जखम, दोन आठवड्यांत न भरलेली आणि कारण न सापडणारी जखम, लाल किंवा लाल-पांढरा मिश्र चट्टा, फुलकोबीसारखी वाढ, दाढ काढल्यावर न भरलेला खड्डा, कारण नसताना हललेला दात, मानेतली कडक गाठ. अशा पेशंटला ४८ तासांत पुढे पाठवायचं. पूर्ण लाल, मखमली दिसणारा एरिथ्रोप्लाकिया लहान असला तरी त्याला माफी नाही. त्यात बायोप्सीत गंभीर बदल सापडण्याचं प्रमाण फार मोठं असतं.

पिवळा: एखादा धारदार दात, टोचणारी कवळी किंवा गरम भाजी कारण असावी असं वाटतं. कारण काढा, दात गुळगुळीत करा, पेशंटला चौदाव्या दिवशी बोलवा आणि त्याच कोनातून पुन्हा फोटो घ्या. भरली नाही तर लाल. आणखी दोन आठवडे जेल देऊन बघायचं नाही. तोंडाच्या कॅन्सरचे किती महिने बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्यांत गेले असतील याचा हिशोब कुणी मांडलेला नाही.

तिसऱ्या रंगाला मी हिरवा म्हणत नाही. एकसारखा पातळ पांढरा चट्टा, सबम्युकस फायब्रोसिस, लायकेन प्लेनस (जाळीदार पांढऱ्या रेषांचा आजार) यांच्यासाठी "नजरेखाली" लिहिते. यातले काही पुढे बदलतात. तंबाखू, सुपारी सुटायला हवी, बायोप्सीबद्दल प्रत्यक्ष तज्ज्ञाचं मत हवं आणि दर तीन महिन्यांनी तोंड बघायला हवं. फोटो बघून "कॅन्सर नाही" असं ठासून लिहिणारा तज्ज्ञ असेल तर तो बदला. तोच न्याय मोबाइलमधल्या एआय ॲपला लावा: त्याने लाल दाखवलं तर ऐका, हिरवं दाखवलं तर बोट लावा.

तुकडा काढायचा का?

वरच्या ट्रकचालकासाठी मी "तिथे काढू नका, थेट पाठवा" लिहीन. जखम उघड संशयास्पद असेल तर कॅन्सर रुग्णालय बायोप्सी आणि स्कॅन आपल्या क्रमाने करतं. आपण आधी कुरतडलं तर सूज येऊन चित्र बदलतं. शंका असेल, रुग्णालय लांब असेल आणि हात बसलेला असेल, तर तज्ज्ञाशी बोलून तुकडा घ्या. सर्वांत संशयास्पद भागातून, शक्यतो लाल किंवा कडक कडेतून, पुरेसा खोल. मधल्या सडलेल्या भागातून नको. भूल जखमेच्या आत टोचू नका. लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी द्रव घेऊन. सलाइन, स्पिरिट, पाणी यांत टाकलेला तुकडा वाया जातो.

संपूर्ण जखम उकरून काढणं, लेझरने जाळणं, किंवा जखमेतली हलणारी दाढ उपटणं, ही तिन्ही कामं दवाखान्यात करायची नाहीत. अहवालात कॅन्सर नाही आला, पण बोट अजून कपाळ सांगतंय, तर पुन्हा बायोप्सी. कागद बोटापेक्षा मोठा नाही.

पेशंटशी बोलणं आणि त्याला पोचवणं

सल्ला बरोबर आणि पेशंट गायब, हे सर्वांत जास्त घडतं. ऊसतोडीचा हंगाम, घरचं लग्न, "सुई लागली की पसरतो" ही समजूत, पैशाची धास्ती. चिठ्ठी खिशात राहते आणि माणूस कारखान्यावर जातो.

मी स्पष्ट बोलते. "काका, ही जखम साधी वाटत नाही. कॅन्सरची शंका आहे, खात्री नाही. तपासल्यावर कळेल. असलाच तर आत्ता लहान आहे, दीड सेंटिमीटरही नाही." आकडा सांगितला की लोक थांबून ऐकतात. तुकडा घेतल्याने रोग पसरत नाही, हेही मी विचारायच्या आधीच सांगते. घरातलं एक माणूस सोबत असताना बोला आणि त्याचाही नंबर घ्या.

चिठ्ठीवर नुसतं रुग्णालयाचं नाव नको. कोणत्या विभागात, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाला भेटायचं ते लिहा. आधार आणि रेशनकार्ड सोबत न्यायला सांगा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे, हे ऐकल्यावर निम्मे चेहरे सैल होतात. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत नंबर चिठ्ठीच्या मागे लिहा.

मग वही. दवाखान्यात साधी दोनशे पानी वही ठेवा: क्रमांक, तारीख, जागा, आकार, रंग, कुठे पाठवला, आणि शेवटचा रकाना "पोचला का". तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी फोन. हे काम रिसेप्शनवरच्या मुलीला द्या. पेशंट डॉक्टरला "हो जातो" म्हणतात, तिला खरं कारण सांगतात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी वही घेऊन तज्ज्ञाला एक फोन करा आणि रिकाम्या रकान्यांबद्दल बोला. अहवाल आला की त्यालाही कळवा. आपण फोटोवरून काय म्हटलं आणि निघालं काय, हे कळल्याशिवाय त्याची नजर सुधारणार कशी?

आणि पेशंट परत येणार आहे, हे लक्षात असू द्या. रेडिएशन ठरलं तर त्याआधी किडलेल्या, हलणाऱ्या दाढा काढाव्या लागतात आणि त्या जखमा भरायला साधारण दोन आठवडे मिळायला हवेत. रेडिएशननंतर काढलेल्या दाढेने जबड्याचं हाड सडू शकतं. हे काम तुमचंच आहे, म्हणून कॅन्सर रुग्णालयाच्या तारखा विचारून घ्या आणि खुर्ची राखून ठेवा. उपचार संपल्यावर प्रत्येक भेटीत समोरचा गालही बघा. पुडीने दोन्ही बाजू पाहिलेल्या असतात. सोबत आलेल्या मुलालाही एकदा खुर्चीत बसवा आणि विचारा, "बार कुठे धरतोस?"